बूट आधी, बाइंडिंग नंतर: स्नोबोर्डिंगचं सामान घेण्यापूर्वी

हिवाळा तोंडावर आला की स्नोबोर्डिंगच्या नादाला लागलेल्या मराठी वाचकांचे प्रश्न ठरलेले असतात. पुण्या-मुंबईहून आठवडाभराच्या सुट्टीत गुलमर्गला निघालेल्यांना बूट इथूनच न्यावेत की तिथे भाड्याने घ्यावेत, हे कळत नाही. सिएटल, टोरांटो किंवा झुरिकला स्थिरावलेल्यांनी सेलमध्ये बोर्ड घेऊन ठेवलेला असतो आणि आता त्यावर कुठलं बाइंडिंग (बूट बोर्डाला जखडणारा भाग) बसेल, हे ते शोधत असतात.

गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा खरेदीच्या क्रमात असतं. बोर्डावरची नक्षी नजरेत भरते म्हणून आधी बोर्ड घरी येतो, मागोमाग बाइंडिंग, आणि बुटांच्या वाट्याला उरलेसुरले पैसे येतात. पण तुमच्या पायाचा जोर बोर्डाच्या कडेपर्यंत पोचतो तो बुटातून आणि मग बाइंडिंगमधून. बुटात टाच उचलली जात असेल, तर पुढचं सामान कितीही भारी असलं तरी बोर्ड तुमचं ऐकणार नाही. म्हणून आधी स्वतःची रायडिंगची पद्धत ओळखा, मग बूट घ्या आणि मग त्या बुटाला जुळणारं बाइंडिंग.

तुम्ही कुठे आणि कसा बोर्ड चालवणार?

बूट आणि बाइंडिंग दोन्हींवर कडकपणाचा आकडा दिलेला असतो, त्याला 'फ्लेक्स' म्हणतात. साधारणपणे १ म्हणजे अगदी मऊ आणि १० म्हणजे अगदी कडक. व्हिडिओ पाहून जे करावंसं वाटतं ते बाजूला ठेवा. येत्या मोसमात तुमचे बहुतेक दिवस ज्यात जाणार आहेत, तो प्रकार खालच्या यादीत शोधा.

- पहिला-दुसरा मोसम, सोपे उतार: बूट ३ ते ५, बाइंडिंगही तेवढंच. मऊ सामान चुका पोटात घालतं. कडक सामानात पाय जरा हलला तरी बोर्डाची कड बर्फात रुतते आणि तुम्ही आपटता.
- ऑल-माउंटन, म्हणजे सगळं थोडं थोडं: बूट ५ ते ७, बाइंडिंग ५ ते ७. शिकाऊ टप्पा संपलेल्या बहुतेकांसाठी हीच सुरक्षित निवड.
- पार्क, म्हणजे उड्या आणि रेलवरून (दांड्यांवरून) घसरणं: बूट २ ते ५, बाइंडिंग ३ ते ५. घोटा सगळ्या बाजूंना वळावा लागतो. मोठ्या उड्या मारणारे मात्र जमिनीवर येताना आधार मिळावा म्हणून थोडं कडक सामान घेतात.
- फ्रीराइड, म्हणजे तीव्र उतार आणि न दाबलेला बर्फ: बूट ६ ते ८, बाइंडिंग ६ ते ८. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला अफरवटवर, सुमारे ३,९०० मीटर उंचीवर, नेऊन सोडतो. तिथून खालचा बहुतेक बर्फ यंत्राने दाबलेला नसतो. थोडी चढण पायी चढायची असेल, तर बुटाच्या तळाला चांगली पकड असलेलं मॉडेल पाहा.
- कार्विंग, म्हणजे दाबलेल्या उतारावर कडेवर झुकून वेगाने वळणं: बूट ७ ते ९, बाइंडिंग ७ ते ९. ऑलिंपिकमधल्या पॅरलल जायंट स्लॅलमचे स्पर्धक स्कीसारखे टणक बूट आणि प्लेट बाइंडिंग वापरतात. ते सामान वेगळं आहे. हौशी कार्विंगला त्याची गरज नाही.

आकड्यावर किती विसंबावं?

फ्लेक्सच्या आकड्याचं एकच सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा ५ दुसऱ्या कंपनीच्या ७ इतका कडक असू शकतो. त्यामुळे आकड्यांची तुलना एकाच कंपनीच्या मॉडेलांमध्येच करा. आणखी तीन गोष्टी ध्यानात घ्या:

- तुमचं वजन जास्त असेल, तर तोच बूट तुम्हाला मऊ वाटेल. कमी असेल, तर कडक.
- नवा बूट काही दिवसांच्या वापरानंतर मऊ पडतो. दुकानात जेमतेम ठीक वाटलेला मऊ बूट मोसमाच्या शेवटी ढिला पडतो.
- बूट आणि बाइंडिंग यांच्या कडकपणात एक-दोन अंकांपेक्षा जास्त फरक नसावा. मऊ बुटावर कडक बाइंडिंग लावलं की पट्टे पायाच्या वरच्या भागाला काचतात आणि जोर मधेच वाया जातो.

बुटाचं माप: घरी पाच मिनिटांत

आपल्याकडे बुटांवर बहुधा यूके माप असतं, स्नोबोर्डच्या बुटांवर यूएस माप ठळक असतं, आणि बायकांचं यूएस माप पुरुषांच्या मापाहून वेगळं असतं. यूकेचा ८ म्हणजे पुरुषांचा यूएस ९. या घोळात न पडता 'मोंडो' माप वापरा. मोंडो म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी, बस्स.

1. संध्याकाळी मोजा. दिवसभराने पाऊल थोडं सुजलेलं असतं.
2. भिंतीला टेकवून जमिनीवर कागद ठेवा. टाच भिंतीला लावून त्या पायावर पूर्ण वजन देऊन उभे राहा.
3. सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. हे बोट अंगठाच असेल असं नाही.
4. दोन्ही पावलं मोजा आणि मोठं माप धरा. २६.५ सेंटीमीटर आलं, तर तुमचा मोंडो २६.५.
5. पावलाची सगळ्यात रुंद जागाही मोजून ठेवा. पंजा पसरट असेल, तर 'वाइड' मॉडेल मागा. रुंदीसाठी लांबीचं माप वाढवलं, तर चवड्याला जागा होते आणि टाच सैल पडते.

दुकानात बूट कसा पारखावा?

तुम्ही बर्फात जे मोजे घालणार, तेच सोबत न्या. लोकरी (मेरिनो) किंवा सिंथेटिक, पोटरीपर्यंत येणारा एकच जोड. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि पाय गारठतात. दोन जोड एकावर एक घातले तर ते एकमेकांवर सरकतात आणि फोड येतात.

- पाय आत घातल्यावर नाडी आवळण्याआधी टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा, म्हणजे ती मागच्या खळग्यात बसेल. मग आधी आतला थर (लायनर), नंतर बाहेरचा बूट आवळा.
- ताठ उभे राहा. बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत. दुमडत असतील, तर बूट लहान आहे.
- गुडघे वाकवा. नडगी बुटाच्या जिभेवर टेकेल आणि बोटं किंचित मागे सरकतील. रायडिंग याच अवस्थेत होतं, म्हणून खरं माप इथेच कळतं.
- टाचेची परीक्षा. मित्राला बुटाची टाच जमिनीवर दाबून धरायला सांगा आणि तुम्ही गुडघे वाकवून चवड्यावर उठायचा प्रयत्न करा. आत टाच सुटून वर आली, तर आधी आणखी आवळून पाहा. तरीही आली, तर तो बूट सोडा. दुसऱ्या कंपनीचा साचा बघा. ही एक परीक्षा इतर सगळ्यांपेक्षा महत्त्वाची.
- पंधरा-वीस मिनिटं बूट पायात ठेवून दुकानात फिरा. सगळीकडून सारखा घट्टपणा चालेल. एकाच जागी चावत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर 'वापरून सैल होईल' या आश्वासनावर जाऊ नका.

लायनर वापराने दबतो, म्हणून नवा बूट घट्टच हवा. बऱ्याच बुटांचे लायनर गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतात. मात्र एकदा तापवलेला बूट दुकानं सहसा परत घेत नाहीत, तेव्हा माप पक्कं झाल्याखेरीज ते करून घेऊ नका.

नाडी, झटपट नाडी की बोआ?

- साधी नाडी: स्वस्त, कुठेही बदलता येते, वर-खाली हवा तसा ताण देता येतो. हातमोजे काढावे लागतात आणि ओली नाडी गोठली की सोडवणं जिकिरीचं होतं.
- झटपट नाडी: दोन मुठी ओढल्या की काम झालं. खालचा आणि वरचा भाग वेगवेगळा आवळता येतो. दोरी निसटत नाही ना, ते दुकानातच पाहा.
- बोआ: चकती दाबून फिरवली की पोलादी तार आवळते, चकती बाहेर ओढली की सुटते. एकच चकती असलेल्या बुटात सगळीकडे सारखा ताण येतो. टाच सुटण्याची तक्रार असेल, तर दोन चकत्यांचा बूट घ्या. त्या उत्पादनाच्या आयुष्यभरासाठी चकती आणि तारेची हमी बोआ कंपनी देते. पण डोंगरावर तार तुटली, तर त्या दिवशी हमीचा उपयोग नाही. दुरुस्तीचा संच बॅगेत ठेवा.

बाइंडिंगचे तीन प्रकार

दोन पट्ट्यांचं बाइंडिंग: एक पट्टा घोट्यावर, एक चवड्यावर. जवळपास कुठल्याही मऊ बुटाला चालतं, पट्टे आणि दातेरी पट्ट्या सुट्या मिळतात, खोल बर्फातही बांधता येतं. दर वेळी वाकून किंवा बसून बांधावं लागतं, एवढाच त्रास. संभ्रमात असाल तर हेच घ्या.

मागून पाय घालायचं बाइंडिंग: 'फ्लो' हे यातलं जुनं नाव. मागची पाठ (हायबॅक) खाली पाडून पाय सरकवायचा आणि पाठ परत उभी करायची. दाबलेल्या उतारावर वेळ वाचतो. खोल, भुसभुशीत बर्फात पाठ मागे पाडायलाच जागा मिळत नाही.

पाय ठेवून अडकवायचं बाइंडिंग: बर्टन कंपनीने २०१७ मध्ये 'स्टेप ऑन' बाजारात आणलं. टाच आणि चवडा दाबला की बूट खटकन बसतो. याला त्याच पद्धतीचे खास बूट लागतात. तुमचे आधीचे बूट त्यात बसणार नाहीत आणि गावातल्या भाड्याच्या दुकानात पर्यायी जोड मिळेलच असं नाही. बुटाखाली बर्फ चिकटला, तर तो खरवडल्याशिवाय पाय अडकत नाही.

तिन्ही प्रकारांना एक गोष्ट लागू आहे. स्कीचं बाइंडिंग पडल्यावर सुटतं. स्नोबोर्डचं सुटत नाही. दोन्ही पाय बोर्डाला बांधलेलेच राहतात, म्हणून पडताना हात आपोआप पुढे जातात. पहिल्या मोसमात हेल्मेटइतकंच महत्त्व मनगटाच्या संरक्षक पट्ट्यांना द्या.

एकमेकांत बसतं का? तीन ठिकाणी तपासा

1. बूट आणि बाइंडिंग: बाइंडिंग लहान, मध्यम, मोठं अशा मापांत येतं. कंपनीचा तक्ता पाहाच, पण बूट घेऊन जाऊन बसवूनही बघा. टाच मागच्या कमानीत नीट टेकली पाहिजे आणि घोट्याचा पट्टा पायाच्या मधोमध आला पाहिजे.
2. बाइंडिंग आणि बोर्ड: बोर्डावरची भोकं बघा. ४ बाय ४ आणि २ बाय ४ सेंटीमीटर अंतराच्या भोकांना बहुतेक बाइंडिंगच्या चकत्या चालतात. बर्टनच्या बोर्डावर भोकांऐवजी लांब खाच असते, तिला 'चॅनल' म्हणतात. बर्टनचं 'ईएसटी' बाइंडिंग फक्त या खाचेवर बसतं, तर 'री:फ्लेक्स' खाचेवर आणि भोकांवर, दोन्हीकडे. सेलमधली सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.
3. बूट आणि बोर्डाची रुंदी: बूट बोर्डाच्या कडेबाहेर दोन्हीकडे एक ते दोन सेंटीमीटर डोकावला तर चालतं. त्याहून जास्त असेल, तर तीव्र वळणावर बूट बर्फाला घासतो आणि कड सुटते. यूएस ११ (मोंडो २९) किंवा त्याहून मोठा बूट असेल, तर 'वाइड' बोर्ड लागण्याची शक्यता जास्त.

बसवताना

डावा पाय पुढे ठेवणारे 'रेग्युलर', उजवा ठेवणारे 'गूफी'. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून धावत येऊन घसरा. जो पाय आपसूक पुढे जाईल, तो तुमचा पुढचा.

- अंतर: बोर्डावर छापलेल्या खुणांपासून सुरुवात करा. पाय साधारण खांद्याइतके किंवा थोडे जास्त फाकलेले राहतील.
- कोन, शिकताना: पुढचा पाय अधिक १५ अंश, मागचा उणे ६ च्या आसपास.
- कोन, पार्कमध्ये: अधिक १५ आणि उणे १५, म्हणजे दोन्ही दिशांनी सारखंच चालवता येतं.
- कोन, कार्विंगला: दोन्ही पाय पुढच्या दिशेला वळवतात, उदाहरणार्थ अधिक २७ आणि अधिक ९. सवय नसताना हे कोन लावू नका. गुडघा दुखू लागला, तर सगळ्यात आधी कोन बदला.
- खोल बर्फात: दोन्ही बाइंडिंग एखादं भोक मागे घ्या, म्हणजे बोर्डाचं नाक वर राहतं.
- हायबॅकचा पुढचा कल: सुरुवातीला शून्य. टाचेच्या बाजूचं वळण उशिरा लागतंय असं वाटलं, की थोडा थोडा वाढवा.

प्रत्येक बाइंडिंगचे स्क्रू आडवे-तिरपे, थोडे थोडे आवळा. त्यांना बहुधा ३ नंबरचा स्क्रूड्रायव्हर लागतो. चुकीच्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने डोकं झिजतं. पहिल्या फेरीनंतर आणि मग रोज सकाळी एकदा तपासा.

विकत की भाड्याने?

वर्षातून एकदा, आठवडाभर जाणार असाल, तर बोर्ड आणि बाइंडिंग भाड्याने घ्या. पुन्हा जायचं नक्की झालं, की पहिली खरेदी बुटांची करा. बूट तुमच्या पायाला बसलेले असतात, बॅगेत मावतात आणि दोन पट्ट्यांच्या कुठल्याही भाड्याच्या बाइंडिंगवर चालतात. गुलमर्गला किंवा मनालीजवळच्या सोलंगला आयत्या वेळी मोठ्या किंवा अगदी लहान मापाचे बूट मिळतील, यावर विसंबू नका.

भाड्याने घेताना:

- लायनर बाहेर काढून हात फिरवा. ओला असेल, तर बदलून मागा.
- प्रत्येक पट्टा घट्ट करून वर ओढा. दातेरी पट्टी सरकली, तर दात झिजलेले आहेत.
- आधीचे ओरखडे आणि तडे यांचे फोटो दुकानदारासमोर काढा. अनामत रक्कम पावतीवर लिहून घ्या.

जुनं सामान विकत घेताना बाइंडिंगच्या तळपट्टीवर स्क्रूभोवती केसासारखी बारीक चीर आहे का, ते उजेडात धरून पाहा. बोआची तार विसकटलेली नसावी आणि बुटाचा तळ सुटलेला नसावा. नव्वदच्या दशकातली अडकवायची बाइंडिंग फुकट मिळाली तरी घेऊ नका. त्यांचे बूट आणि सुटे भाग आता मिळत नाहीत.

मुलांसाठी 'वाढत्या अंगाचे' बूट नकोत. दोन मापं मोठ्या बुटात मुलाची टाच उचलली जाते आणि ते शिकतच नाही. परदेशात बरीच दुकानं मुलांचं सामान पूर्ण मोसमासाठी भाड्याने देतात. तोच मार्ग परवडतो.

तुमचे हक्क

- भारतात: ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा असेल, तर ऑनलाइन विक्रेता तो परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. माप तुम्ही चुकवलं असेल, तर मात्र दुकानाचं धोरण लागू होतं. ते आधी वाचा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. दाद लागली नाही, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही.
- युरोपीय संघात: ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत, कारण न देता, रद्द करता येते. घरात घालून पाहणं चालतं; बर्फात वापरलेत, तर पैसे कापले जाऊ शकतात. स्वित्झर्लंड संघात नाही आणि तिथल्या कायद्यात असा सरसकट हक्क नाही.
- ब्रिटनमध्ये: ऑनलाइनसाठी १४ दिवस, आणि सदोष माल ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात.
- अमेरिकेत: बूट आवडले नाहीत म्हणून परत करण्याचा सरसकट केंद्रीय हक्क नाही. सेलमधल्या मालाला दुकानाचे नियम बहुधा आणखी कडक असतात.

परदेशातून भारतात आणणार असाल, तर बिल जपून ठेवा आणि त्या कंपनीची हमी भारतात चालते का, हे लेखी विचारा.

पैसे मोजके असतील तर

चांगले बूट नवे घ्या, दोन पट्ट्यांचं मध्यम बाइंडिंग गेल्या मोसमाचं घ्या, आणि बोर्ड भाड्याचा किंवा जुना चालवून घ्या. दुकानात जाताना मोजे, पावलाची सेंटीमीटरमधली लांबी-रुंदी आणि बोर्ड असल्यास त्याच्या भोकांचा फोटो सोबत असू द्या. विक्रेत्याने यातलं काहीही न विचारता थेट बोर्डाची भिंत दाखवली, तर दुसरं दुकान गाठा.